उचकी

आमच्या गाडीला पहिली उचकी लागली ती गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वासातला, शहापुरात, आमच्याच दारात. चावी फिरवली, इंजिन चालू झालं आणि नेहमीसारखं गुरगुरत बसायचं सोडून मधूनच एकेक गचका देऊ लागलं. आरसा थरथरला. गिअरच्या दांड्याने मान हलवली. डॅशबोर्डवरचा गणपती, जो एरवी फक्त किन्हवलीच्या रस्त्यावर हलतो, तो उभ्या गाडीत हलला.

"उचकी लागली," बायको म्हणाली. "कुणीतरी आठवण काढतंय."

"गाडीची?"

"गाडीत बसून येणाऱ्यांची. संक्रांतीनंतर मुरबाडला गेलो नाही आपण."

मुरबाड हे तिचं माहेर. जगात काहीही घडो, दूध उतू जावो की चंद्रावर यान उतरो, तिथून मुरबाडपर्यंत एक वाट जातेच आणि ती बायकोला पाठ आहे. मुरबाडला रेल्वे 'येणार' हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. ती येईपर्यंत रेल्वेचं काम आमच्या गाडीकडे आहे. गाडी २०११ सालची, पेट्रोलवर चालणारी, रंग कागदोपत्री चंदेरी.

या आजाराला गॅरेजच्या भाषेत 'मिसिंग मारणे' म्हणतात. पोलीस ठाण्यात माणूस मिसिंग असतो, गॅरेजात इंजिनाचा ठोका. चार सिलिंडर असतात. गाडी जागेवर उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण आठशे फेरे मारतं, आणि दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरात एक ठिणगी पडते. म्हणजे एका सिलिंडरात मिनिटाला चारशे, सेकंदाला सहा-सात ठिणग्या. बॅटरी बिचारी बारा व्होल्टची. तिच्या बारांचे वीस-तीस हजार करून प्लगच्या टोकावरच्या जेमतेम एक मिलिमीटर फटीतून ठिणगी उडवायची, हे काम कॉईलचं. बाराचे वीस हजार करून देणाऱ्या योजना आमच्या भागात पूर्वीही येऊन गेल्या. फरक एवढाच, की कॉईल ते खरोखर करते आणि रातोरात ऑफिस बंद करून जात नाही.

यातल्या एका सिलिंडराने काम टाळलं की बाकीचे तिघे त्याचं ओझं ओढतात आणि गाडी हिसके देते. मी सरकारी कचेरीत बावीस वर्षं काढली आहेत. मला हे चटकन समजलं.

मी बोनेट उघडलं. ही माझी पहिली चूक. शहापुरात माणसं गोळा करायला ताशा लागत नाही, बोनेट पुरतं. पाच मिनिटांत सात जण जमले आणि त्यांनी निदान सुरू केलं. मला एक गोष्ट तेव्हाच कळली: माणूस गाडीला तोच आजार सांगतो, जो त्याला स्वतःला आहे. साखर असलेले शेजारी म्हणाले, "खाण्यात दोष आहे. पेट्रोल कुठून घेता?" ज्यांना उठता-बसता ढेकर येतात ते म्हणाले, "गॅस धरलाय. हायवेला ऐंशीच्या वेगाने एकदा पळवून आणा, मोकळी होईल." गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकूंना ऑईल सुकल्याची शंका होती. गेल्या वर्षी ज्यांची अँजिओप्लास्टी झाली, ते काका छातीवर हात ठेवून हळूच बोलले, "कुठंतरी नळीचा प्रॉब्लेम आहे. बघा तुम्ही." त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. पुढे कळलं की सातांत तेवढे एकटेच बरोबर होते.

प्लग काढले. चार प्लग वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. डॉक्टर जीभ पाहतो तसं मिस्त्री प्लगचं टोक पाहतो. तीन प्लग शेंगदाण्याच्या टरफलाच्या रंगाचे, म्हणजे तब्येत ठणठणीत. तिसऱ्या नंबरचा काळा आणि ओलसर. चारही बदलले. गाडी दोन दिवस गुणी मुलीसारखी चालली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गचका.

मग आम्ही हायवेवरच्या मोठ्या गॅरेजात गेलो. तिथे काचेची खोली, थंड हवा आणि हातात टॅबलेट धरलेला एक तरुण होता. त्याने स्टिअरिंगखाली एक वायर खुपसली आणि दोन मिनिटांत गाडीची पत्रिका काढली. "पी ०३०३," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"शेवटचा आकडा सिलिंडरचा. तिसऱ्या घरात दोष आहे."

माझ्या लग्नाच्या वेळी आमच्या गुरुजींनीही हेच सांगितलं होतं, पण त्यांनी शांत करायचे सव्वाशे रुपये घेतले होते. इथे नवीन कॉईल बसवली, ती अडीच हजारांची. चार दिवस सगळं छान. पाचव्या दिवशी सकाळी गणपती हलला.

पुन्हा काचेची खोली. आता त्या मुलाने चांगली युक्ती केली. तिसऱ्याची कॉईल दुसऱ्याला लावली, दुसऱ्याची तिसऱ्याला. दोष कॉईलमध्ये असेल तर उद्या यंत्र ०३०२ दाखवेल, दोष तिच्यासोबत सरकेल. दुसऱ्या दिवशी यंत्राने ०३०३च दाखवलं. हेही मला समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या कचेरीत एका टेबलावर फायली अडतात म्हणून तिथल्या क्लार्कची बदली केली, दुसरा आणला, तोही आठवड्यात तसाच अडवू लागला, तेव्हाच सगळे समजून चुकले होते की दोष माणसात नाही, टेबलात आहे.

"मग आतलं काम आहे," मुलगा म्हणाला. त्याचा चेहरा ऑपरेशन थिएटरच्या दारातून बाहेर येणाऱ्या डॉक्टरसारखा झाला. "पाणी कमी होतं का हो गाडीचं?"

मी कधी पाहिलंच नव्हतं. कुलंटची ती पांढरट प्लास्टिकची बाटली पाहिली तर पातळी खालच्या रेघेच्याही खाली. जमिनीवर मात्र कधी एक थेंब दिसला नव्हता. पाणी जातंय आणि कुठे जातंय ते दिसत नाही, आणि वर सकाळी मिसिंग. मुलाने दोन्ही गोष्टी जोडल्या आणि तीन शब्द उच्चारले: "हेड गॅसकेट. तीस हजार."

तसे ते चार शब्द होतात. पण मला एवढेच ऐकू आले.

हेड गॅसकेट म्हणजे इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामधला एक पातळ पत्रा. त्याच्या एका बाजूला आग, शेजारी पाणी, पलीकडे तेल. तिघांनी एकमेकांच्या हद्दीत जायचं नाही म्हणून घातलेला बांध. आमच्या तालुक्यात कोर्टातली निम्मी प्रकरणं बांधावरची, त्यामुळे तो फुटला की काय होतं ते सांगायला नको. पाणी सिलिंडरात शिरतं, ठिणगी विझते. पाणी तेलात शिरलं तर ऑईलच्या झाकणाखाली खरवसासारखा थर जमतो. मागच्या नळकांड्यातून पांढरा धूर निघतो आणि त्याला गोडसर वास येतो, कारण कुलंटमध्ये असतं ते इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. गोड आणि विषारी. म्हणूनच सांडलेलं कुलंट ताबडतोब धुऊन टाकावं, कुत्री चाटतात.

ही सगळी माहिती मला माझ्या मेहुण्याने फोनवर दिली. तो मुरबाडला असतो, मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ पाहतो आणि आजवर त्याने स्वतःच्या हाताने एक सायकलची चेन बसवली आहे.

मग माझा दिनक्रम बदलला. रोज सकाळी उठून गाडी चालू करायची, धावत मागे जायचं, उकिडवं बसायचं आणि सायलेन्सरला नाक लावायचं. गोड वास येतो का? कधी येतोय असं वाटे, कधी शेजारच्या घरातल्या शिऱ्याचा निघे. चौथ्या दिवशी समोरच्या वहिनींनी बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "भावोजींचं काही टेन्शन आहे का? सकाळी सकाळी असं धुरात..." ऑईलच्या झाकणाखाली खरवस नव्हता. धूर असायचा, पण पहाटे कुठल्याही गाडीला असतो तेवढा. निदान पक्कं होईना. गाडीची किंमत सत्तर हजार, ऑपरेशन तीस हजारांचं. या हिशेबात घरातल्या म्हाताऱ्या माणसांविषयीही नको ते विचार मनात येतात, म्हणून मी हिशेब सोडला आणि रोज बाटलीत पाणी ओतू लागलो. उचकी लागली की पाणी पाजावं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

वैशाखात बायकोच्या चुलतबहिणीचं लग्न निघालं. मुरबाडला. गाडीने निघाल्यानिघाल्या दहा मिनिटं उचक्या दिल्या आणि मग एकदम सुरळीत झाली. "पाहिलंत?" बायको म्हणाली. "मुरबाडचं नाव काढलं की थांबते." सापगावच्या पुलावरून खाली भातसा दिसली. त्यापुढच्या चढाला तापमानाचा काटा, जो नेहमी मध्यावर झोपलेला असतो, तो उठून बसला आणि वर सरकू लागला.

अशा वेळी एक उपाय आहे आणि तो शंभर टक्के शास्त्रीय आहे. गाडीतला हीटर लावायचा, पूर्ण. हीटर म्हणजे इंजिनाच्याच गरम पाण्यावर चालणारा एक छोटा रेडिएटर. तो लावला की इंजिनाची थोडी उष्णता गाडीत येते. इंजिनाला तेवढाच आराम. मी हीटर लावला. बाहेर पारा चाळिशीपार, आत आम्ही दोघं, बायको पैठणीत, केसांत गजरा, आणि पायांवर भट्टीचा झोत. चारही काचा खाली. बाजूने एक मोटारसायकलवाला गेला. त्याने आत पाहिलं, आमचे चेहरे पाहिले आणि माझ्याकडे तुच्छतेने पाहून बायकोला नमस्कार केला.

"हे किती वेळ?" गजऱ्यातलं एक फूल आपणहून गळून पडल्यावर तिने विचारलं.

"काटा खाली येईपर्यंत."

काटा आला नाही. किन्हवलीच्या अलीकडे बोनेटमधून वाफ निघाली आणि मी गाडी थांबवली. दोन पोरांनी मागून ढकलून मोहाच्या सावलीत नेली. गाडीला धक्का मारताना पाहून जाणारे-येणारे हसतात, हे मला कधी पटलेलं नाही. कसाऱ्याच्या घाटात चढ सदतिसाला एक आहे. तिथे आख्ख्या आगगाडीला मागून जादा इंजिनं लावून ढकलत वर नेतात आणि आतले प्रवासी खुशाल वडापाव खात बसतात. तिथे नाही कुणी हसत.

तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं. आतलं पाणी दाबाखाली असतं म्हणून शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि ते सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. तेव्हा पाऊण तास थांबायचं. एक मुलगी पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन आली. बायकोने तीन द्रोण घेतले आणि माझ्याशी न बोलता खाल्ले. मी रिकामी बाटली घेऊन पाणी शोधायला निघालो.

थोड्या आतल्या पाड्यावर बायका सावलीला बसल्या होत्या. समोर निळे-पिवळे ड्रम, हंडे, कळश्या, रंगाचे रिकामे डबे, सगळे ओळीने टँकरच्या वाटेकडे तोंड करून. मी एका आजींपुढे बाटली धरली.

"आजी, थोडं पाणी मिळेल का?"

"बस की बाला. तान लागली?" त्या उठू लागल्या.

"मला नको. गाडीला हवंय."

त्या पुन्हा बसल्या. "गारीला?"

"हो."

"गारी पानी पिते?"

"पिते म्हणजे... दोन लिटर तरी."

आजींनी शेजारणीकडे पाहिलं. शेजारीण हसली नाही. "आमी सकालपासून टँकरची वाट बगतोय," आजी म्हणाल्या, "आनि तुजी गारी दोन लिटर पिते."

मुंबईला पाणी देणारे सात तलाव आहेत. त्यांतले तानसा आणि भातसा आमच्या शहापूर तालुक्यातले. तानसाचं धरण १८९२चं. मुंबईच्या वाट्याचं निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसेतून जातं. हत्तीच्या पोटाएवढ्या नळांतून रात्रंदिवस ते जात असतं आणि उन्हाळा लागला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात. आमच्या गाडीचं पाणी कुठे जातं ते शोधायला मला दोन महिने आणि दोन गॅरेजं लागली. पाड्यावरच्या पाण्याचं निदान करायला मिस्त्री लागत नाही. ते कुठे जातं ते नळावर लिहिलेलं असतं.

आजी आत गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या. "तांदूल धुतल्यालं चालंल?"

हे चालत नाही. खरं तर विहिरीचं साधं पाणीही चालत नाही, आत क्षार धरतात आणि गंज चढतो. कुलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं असावं लागतं. पण हे मी कुणाला सांगणार होतो? मी नुसता उभा राहिलो. माझं तोंड पाहून आजींनी तांब्या खाली ठेवला आणि रांजणातलं चांगलं पाणी बाटलीत ओतलं, काठापर्यंत, एक थेंब न सांडता.

"घे. वाटंला लागल्याला नाय म्हनू नये."

मी पैसे काढले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी खिशातून हात बाहेर काढला तो रुमाल घेऊन.

मुरबाडला पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि श्रीखंड संपत आलं होतं. लग्नाला आलेली मंडळी नवरा-नवरीला सोडून आमच्या गाडीभोवती जमली. मेहुण्याने मोबाईल काढून सर्वांना फुटलेल्या गॅसकेटचा व्हिडिओ दाखवला. तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि सासरे आले.

सासऱ्यांनी आयुष्यात गाडी चालवलेली नाही, पण पौष पौर्णिमेला भरणारी म्हशाची जत्रा त्यांनी एकदाही चुकवलेली नाही. म्हशाच्या गुरांच्या बाजारात बैल कसा पाहावा हे तालुक्यात त्यांना विचारतात. ते गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून आले. बोनेटवर थाप मारली. टायर खुरांसारखे दाबून पाहिले. मग वाकून, दात पाहावेत तशी समोरची जाळी पाहिली.

"जावईबापू, खातपीत आहे?"

"पेट्रोल नेहमीएवढंच. पाणी जास्त पिते."

"आणि बसून राहते की चालते?"

"सकाळी कुरकुरते. चालायला लागली की चालते."

सासरे मागे सरकले. "बैलात खोट नाही," त्यांनी जाहीर केलं. "जू कुठंतरी टोचतंय." आणि मला म्हाताऱ्या मिस्त्रींकडे घेऊन गेले.

हे मिस्त्री एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. सरळगावच्या रस्त्याला पत्र्याची शेड, बोर्ड नाही, काचेची खोली नाही, टॅबलेट म्हणजे फक्त रक्तदाबाची. त्यांनी बोनेट उघडलंच नाही. बाकड्यावर बसून तीन प्रश्न विचारले.

"सकाळी करते का संध्याकाळी?"

"सकाळी. थंड असताना."

"रोज सकाळी का कुठल्या कुठल्या?"

मी विचारात पडलो. रोज नव्हे. रविवारी गाडी निघत नाही; सोमवारी ती कधीच हिसके देत नसे.

"पाणी टाकल्यावर करते का टाकायच्या आधी?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी आठवू लागलो. बाटली रिकामी होईपर्यंत आळस केला त्या आठवड्यात गाडी शांत होती. भरली, लांब फेरी मारून आणली, की दुसऱ्या दिवशी उचकी.

"तुम्ही गॅरेजला नेली तेव्हा गाडी गरम असणार," मिस्त्री म्हणाले. "डॉक्टरच्या दारात गेलं की ताप उतरतो. आजारी माणूस बघायचा तर सकाळी, तो अंथरुणातून उठायच्या आत. गाडी इथं राहू द्या."

दुसऱ्या दिवशी सहाला सासरे, मेहुणा आणि मी हजर. मिस्त्रींनी चहा संपवला, कपबशी धुतली, मग तिसऱ्या सिलिंडरची कॉईल उपटली आणि ज्या खोल खड्ड्यात प्लग बसतो त्यात बॅटरीचा झोत टाकला. तळाशी हिरवट पाणी चमकत होतं. फार नाही, दोन-तीन चमचे.

"तालुक्यात कुठं लागत नाही," मिस्त्री म्हणाले, "ते तुमच्या तीन नंबरला लागलंय."

म्हणजे ठिणगी प्लगच्या टोकाला पोचायच्या आधीच ओल्या रबरावरून बाहेरच्या बाहेर पळत होती. इंजिन तापलं की पाणी वाळून जाई आणि उचकी थांबे. गॅरेजात नेईपर्यंत खड्डा कोरडा. नवी कॉईल, नवे प्लग, सगळे निर्दोष होते आणि सगळ्यांचे पैसे मी भरले होते. राहिला प्रश्न पाणी येतं कुठून. मेहुण्याने गॅसकेटचं नाव काढायला तोंड उघडलं. सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मिटलं.

मिस्त्रींनी फळीवरून रेडिएटरचं एक जुनं झाकण काढलं. त्याला मधोमध भोक पाडून सायकलच्या ट्यूबचा वॉल्व बसवलेला होता. ते झाकण आमच्या गाडीला लावलं, वॉल्वला सायकलचा पंप जोडला आणि मेहुण्याला म्हणाले, "मार." गाडी तापल्यावर आत जो दाब तयार होतो तोच थंड गाडीत, हात भाजून न घेता तयार करायचा, एवढीच कल्पना. मेहुणा पंप मारू लागला. त्याच्या यांत्रिक कारकिर्दीतला हा दुसरा टप्पा, सायकलशीच संबंधित. आम्ही तिघे श्वास रोखून वाकलो होतो. दहाव्या-बाराव्या दणक्याला बारीक आवाज आला, कुणी दातांतून 'स्स' करावं तसा. एअर फिल्टरच्या डब्याखालून करंगळीएवढी जाड एक नळी थ्रॉटलकडे जाते. क्लिपेच्या कडेला ती चिरली होती. चिरेतून केसासारखी धार उडाली, इंजिनाच्या माथ्यावर पडली, उतार धरून निघाली आणि आमच्या डोळ्यांदेखत तिसऱ्या खड्ड्यात उतरली. थेंब जमिनीवर पडणार कुठून? उरलेले गरम माथ्यावरच वाळायचे. मिस्त्रींनी नखाने खरवडून पांढरट खपली दाखवली. दोन महिने ती तिथे होती आणि सगळे तिला धूळ समजत होते.

"पण आम्ही पाणी पाजत होतो," मी म्हणालो, "उचकी लागते म्हणून."

"उचकी नाही ही," मिस्त्री म्हणाले. "ठसका. तुम्ही पाजताय, ते भलत्या नळीत जातंय, तिला ठसका लागतोय. ठसका लागलेल्याला कुणी पाणी पाजतं का?"

नळी नव्वद रुपये, दोन क्लिपा तीस, आजींचं विहिरीचं पाणी काढून नवं कुलंट भरलं त्याचे वेगळे, मजुरी तीनशे. मी काचेच्या खोलीतला तीस हजारांचा आकडा सांगितला तेव्हा मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी नुसता चष्मा पुसला. नाणेघाटात वर एक दगडी रांजण दाखवतात; सातवाहनांच्या काळात घाट चढून येणारे व्यापारी त्यात जकात टाकत, असं सांगतात. आमच्या गाडीचं बोनेट हे त्याच जातीचं, हे मला तोवर उमगलं नव्हतं. शहापूरपासून टाकत आलो होतो. काढलेली चांगली कॉईल अजून डिकीत आहे.

परतताना मुरबाडहून वीस लिटरचा एक जार विकत घेतला आणि मोहाच्या झाडापाशी गाडी आत वळवली. टँकर नुकताच येऊन गेला होता. विहिरीत ओतलेलं पाणी बायका ओढत होत्या आणि आजी भरलेल्या दोन ड्रमांजवळ उभ्या होत्या. त्यांनी जार पाहिला, मग गाडी.

"तिचं पिऊन उरलं?"

"बरी झाली आजी. आता पीत नाही."

"मंग रिकामीच हाय," त्या म्हणाल्या आणि कुणाला हाक मारली. दोन मिनिटांत एक ड्रम डिकीत चढला, दुसरा मागच्या सीटवर, त्याच्या शेजारी आजी, आजींच्या मांडीवर कळशी. पाड्याच्या वरच्या अंगाला घर होतं, वाट दगडांची. मी पहिल्या गिअरमध्ये जपून चढवत होतो. इंजिन इतकं मऊ वाजत होतं, की मी बायकोला ते ऐकवण्यासाठी काच खाली केली. काटा मध्यावर झोपलेला. डॅशबोर्डवरचा गणपती हलत होता, पण तो रस्त्यामुळे.

घराशी पोचलो आणि मागचं दार उघडलं, तर पायदाणीतून पाण्याची धार खाली मातीत पडली. ड्रमच्या झाकणाने वाटेत हात सोडले होते. सीट चिंब, कार्पेट चिंब, बायकोच्या पिशवीतली पैठणी चिंब. आजींनी ओल्या मातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गारी गलते तुजी अजून," त्या म्हणाल्या.